आबालाल रहिमान : विद्यार्थ्याचीं चित्रें आणि चित्रकाराचें मन

बदनापूर हें जालना आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या दरम्यानचें लोहमार्गावरील एक लहानसें स्थानक. मुलूख दुधनेच्या खोऱ्याचा, पीक कापसाचें आणि तुरीचें. तुरीच्या ज्या सुधारलेल्या जाती महाराष्ट्रांत पेरल्या जातात त्यांपैकीं कित्येकींच्या नांवापूर्वीं ‘बीडीएन’ हीं अक्षरें असतात. तीं याच गांवच्या कृषिसंशोधन केंद्राचीं. अशा गांवांतील शाळांमधून आजहि मुलें-मुली शासनाच्या चित्रकलेच्या दोन परीक्षांस बसतात. एक एलिमेंटरी आणि दुसरी इंटरमीजिएट. एका वेळीं समोर मांडलेला तांब्या, दोन वांगीं आणि चुण्या पडलेलें कापड काढावयाचें. दुसऱ्या वेळीं आठवणीनें बाजार, पाणवठा किंवा जत्रा काढावयाची. मग नक्षी, भूमिति आणि अक्षरलेखन. निकालांत अ, ब, क अशा श्रेणी लागतात. घरचीं माणसें प्रमाणपत्र जपून ठेवतात. चित्राचा कागद मात्र फारसा कोणी जपत नाहीं.

समजा, अशा एखाद्या मुलानें ‘आठवडी बाजार’ काढतांना तराजू धरणाऱ्या व्यापाऱ्याची आकृति भोंवतालच्या माणसांच्या दुप्पट काढली, आणि स्वतःस एका कोपऱ्यांत सर्वांकडे पाठ करून उभें केलें. परीक्षक म्हणेल, प्रमाण चुकलें. आणि परीक्षेच्या दृष्टीनें तें खरेंहि आहे. परंतु आपण कोण, आपल्यावर सत्ता कोणाची, आणि आपल्या मनांत काय चाललें आहे, या तिन्ही गोष्टी त्या मुलानें नकळत कागदावर मांडून ठेवल्या आहेत. त्या वाचण्याची विद्या आपल्या शिक्षणक्रमांत अद्यापि नीटशी शिरलेली नाहीं. या उणिवेचें मूळ शोधूं गेलें तर एकोणिसाव्या शतकांतील मुंबईस जावें लागतें. आणि तिची किंमत कोणास द्यावी लागली हें पाहूं गेलें तर कोल्हापुरास.

१८५७ सालीं, सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीच्या आधारानें, मुंबईस कलाशाळा सुरू झाली. लंडन येथील साउथ केन्सिंग्टनच्या कलाशिक्षणाची पद्धति तिनें उचलली. त्या पद्धतीचा हेतु उघड होता : हात आणि डोळा शिस्तींत आणावे, आणि त्यांतून उपयुक्त कारागीर निर्माण करावे. आधीं सरळ रेषा, मग नक्षी, मग प्लास्टरच्या ग्रीक-रोमन पुतळ्यांवरून छायाप्रकाशाचा अभ्यास, अशा पायऱ्या ठरलेल्या होत्या. १८६५ सालीं लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे दोन शिक्षक विलायतेहून आले. त्यांपैकीं ग्रिफिथ्स पुढें शाळेचे प्रमुख झाले. या मंडळींचा हिंदी कारागिरीवर लोभ होता, हें नाकारण्याचें कारण नाहीं. तरीहि विद्यार्थ्याच्या पुढें काय ठेवावयाचें, तो कोणत्या अंगानें पाहणार, आणि बरोबर कशास म्हणावयाचें, हें सर्व ठरविणारे हात दुसऱ्याचे होते. चित्रशाळेंतील खरी सत्ता दंडुक्यांत नसते. ती मॉडेल मांडण्याच्या टेबलावर असते.

या सत्तेचा एक हात आमच्या मराठवाड्यापर्यंतहि पोहोंचला होता. बदनापुराच्या उत्तरेस, त्या काळीं निजामाच्याच राज्यांत असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत, १८७२ पासून सुमारें तेरा वर्षें ग्रिफिथ्स यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या विद्यार्थ्यांनीं भित्तिचित्रांच्या नकला केल्या. पेस्तनजी बोमनजींसारखे पुढें नांवास चढलेले चित्रकार या कामांत होते. सोळाव्या लेण्यांत एक चित्र आहे : पतीनें संसार टाकून भिक्षुव्रत घेतल्याची वार्ता ऐकून नंदाची राणी सुंदरी मूर्च्छित होत आहे, मान कलली आहे, डोळे मिटत आहेत, दासी तिला सांवरीत आहेत. त्या चित्रांतील शोकाची थोरवी ग्रिफिथ्स यांनीं जगाला सांगितली, याचें श्रेय त्यांना दिलेंच पाहिजे. नकला लंडनला गेल्या. १८८५ सालच्या आगींत त्यांपैकीं बऱ्याचशा जळाल्या. आणि उरलेल्या साहित्यावरून १८९६-९७ मध्यें दोन खंडांचा ग्रंथ निघाला. त्यावर नांव ग्रिफिथ्स यांचें. दीड हजार वर्षांपूर्वींच्या एका राणीचें दुःख रेषेंत कसें उतरवावें, हें ते विद्यार्थी अंधाऱ्या लेण्यांत बसून शिकले. त्यांना स्वतःचें कांहीं दुःख असेल, आणि तेंहि रेषेंत उतरूं शकेल, हा विचार त्या अभ्यासक्रमांत बसण्यासारखा नव्हता.

याच काळांत कोल्हापूरचा एक तरुण त्या शाळेंत शिकत होता. त्याचें नांव आबालाल रहिमान. जन्म १८६० च्या सुमारास. घराण्यांत कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची आणि त्या सजविण्याची परंपरा होती. अरबी-फारसीचे संस्कार घरचेच, आणि त्यांच्या जोडीला संस्कृताचाहि परिचय, अशी त्यांची तयारी होती. एका हिंदु संस्थानाच्या राजधानींत, अंबाबाईच्या देवळाच्या सावलींत वाढलेला हा मुसलमान मुलगा. घरांत ईश्वरी वचनाचीं अक्षरें, रस्त्यांत मराठी, आणि शाळेंत इंग्रजी. ‘आपण कोण’ या प्रश्नाचें एका शब्दांत उत्तर देणें त्याला कधींच शक्य नव्हतें. आणि बहुधा तशी गरजहि त्याला भासली नसावी.

मुंबईच्या शाळेंत गेल्यावर या हातास कोणता पल्ला ओलांडावा लागला असेल, याचा वाचकांनीं विचार करावा. कुराणाच्या प्रतींत माणसाची वा पशूची आकृति येत नाहीं. तेथें अक्षर हेंच रूप, आणि समासांतील वेल, फुलें, सोनेरी रेघा हा त्या अक्षराचा मान. बोरू धरणारा हात एकाच ओघांत जाड आणि बारीक होतो. तो चुकीची दुरुस्ती करीत नाहीं, कारण पवित्र पानावर खाडाखोड शोभत नाहीं. उलट कलाशाळेंतला अभ्यास सर्वस्वी आकृतीचा. आणि तीहि परक्या देवांच्या प्लास्टरच्या उघड्या देहांची. कोळशानें घासावें, पुसावें, पुन्हा घासावें, आणि खांद्याचा गोलावा उजेडांतून अंधारांत हलकेच उतरवावा. अक्षराच्या घरांतून आलेल्या मुलानें आकृतीच्या दरबारांत उभें राहणें म्हणजे केवळ नवें तंत्र शिकणें नव्हे; स्वतःच्या घराण्याच्या हाताला नवें इमान शिकविणें होय.

तें इमान त्यांनीं अशा रीतीनें पाळलें कीं, शिकविणारेच थक्क झाले. १८८८ सालीं व्हाइसरॉयांचें सुवर्णपदक त्यांना मिळालें. विद्यार्थिदशेंतील त्यांचीं रेखाटनें आणि छायाप्रकाशाचे अभ्यास शाळेनें आपल्या संग्रहांत ठेवून घेतले, आणि पुढील पिढ्यांनीं ते आदर्श म्हणून पाहिले. हे अभ्यास नियमाच्या अगदीं आंतले आहेत. त्यांत बंडाचा लवलेशहि नाहीं. तरी त्यांतील संयमाकडे पाहिलें म्हणजे बोरूचा हात आठवल्यावांचून राहत नाहीं. छायेची प्रत्येक पायरी मोजलेली. कोठेंहि दिखाऊ घाई नाहीं. ज्यांच्या घरीं एक पान लिहिण्यास वेळ लागला तर तो वायां गेला असें समजत नाहींत, अशा घरचा तो धीर आहे. साहेबाच्या पुतळ्यावर कोल्हापूरच्या कातिबाचा धीर खर्च झाला; आणि पदक देणाऱ्यांनीं त्यास ‘उत्तम नक्कल’ म्हटलें.

सुवर्णपदकाच्या बळावर मुंबईंत राहून धनिकांच्या तसबिरी काढण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. त्याच सुमारास राजा रविवर्म्यांची कीर्ति सर्वत्र पसरत होती. १८९४ सालीं मुंबईस त्यांचा छापखाना निघाला, आणि देवादिकांच्या चित्रांना घरोघर भिंती मिळाल्या. बाजार म्हणजे काय आणि कीर्ति म्हणजे काय, हें त्या पिढीच्या चित्रकारांना डोळ्यांसमोर दिसत होतें. आबालाल मात्र कोल्हापुरास परतले. कोटितीर्थाच्या परिसरांत ते जवळजवळ फकिराच्या वृत्तीनें राहूं लागले, आणि आयुष्यभर आपल्या गांवचें पाणी, झाडें आणि ऊन रंगवीत बसले.

या निसर्गचित्रांत विद्यार्थिदशेंतील शिस्त आहे, पण तिचा धनी बदललेला आहे. रंकाळा, पंचगंगेचा काठ आणि कोटितीर्थ हे विषय कोणीं त्यांच्या टेबलावर मांडून ठेवलेले नव्हते. पहांटेचें दंव पाण्यावरून उठतांना झाडाची कड कशी विरघळते, माध्यान्हीं दगडी पायरी पांढरी होतांना तिच्या सांवलींत निळें काय उरतें, हें त्यांनीं तेथल्या तेथें, रोज बसून पाहिलें. त्यांच्या लहान लहान ठिपक्यांच्या रंगकामावरून पुढील रसिकांना युरोपांतील प्रकाशवेड्या चित्रकारांची आठवण झाली. परंतु आमच्या मतें हा वारसा शोधण्यास पॅरिसला जाण्याचें कारण नाहीं. समासांतील वेलीचें एकेक पान सुटें सुटें रंगविणाऱ्या घराण्याचा हात येथें अखेर आपल्या मूळ चालीवर आला असें म्हणतां येईल. जें शाळेनें विचारलें नव्हतें त्याचें उत्तर या जलरंगांत मिळतें. माणसाचें चित्र न काढतां त्यांनीं आपली ओळख काढली.

या एकांतवासी माणसास आश्रय मिळाला तो राजर्षि शाहू छत्रपतींचा. महाराज १८९४ सालीं गादीवर बसले. १९०२ सालीं आपल्या राज्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवण्याचा हुकूम त्यांनीं काढला; मुसलमान विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठीं १९०६ सालीं कोल्हापुरांत संस्था उभी केली; आणि कुराणाच्या मराठी भाषांतरासहि साहाय्य केलें. अशा राजानें कुराणाच्या प्रती सजविणाऱ्या घराण्यांतील चित्रकारास दरबारचा चित्रकार म्हणून पदरीं ठेवावें, हें त्यांच्या एकंदर धोरणास धरूनच झालें. मुंबईच्या सत्तेनें आबालालांचा हात पारखला होता. कोल्हापूरच्या सत्तेनें त्यांचा स्वभाव पारखला. तरीहि आश्रय तो आश्रयच. ज्याचें सारें जग एका माणसाच्या प्रेमावर टेकलेलें असतें, त्याची भिंत एकाच खांबावर उभी असते.

१९२२ सालच्या मे महिन्याच्या ६ तारखेस मुंबईंत महाराजांचें निधन झालें. वय अवघें सत्तेचाळीस. तो आघात आबालालांना सोसला नाहीं. त्या उद्वेगांत त्यांनीं आपलीं असंख्य चित्रें तलावाच्या पाण्यांत सोडून दिलीं, अशी हकीकत कोल्हापूरकर पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. त्यानंतरहि ते सुमारें साडेनऊ वर्षें जगले, आणि १९३१ सालच्या २८ डिसेंबरला त्यांचा अंत झाला.

या हकीकतीचा अर्थ लोकांनीं दोन प्रकारांनीं लावला. कोणी म्हणाले, शोकानें माणूस भ्रमिष्ट झाला. कोणी म्हणाले, हें खरें वैराग्य. आबालाल हे रंगांतले अवलिये. आम्हांस हे दोन्ही अर्थ सोयीचे वाटतात, आणि म्हणूनच अपुरे वाटतात. मनानें खचलेल्या माणसास देण्याकरितां आपल्या समाजाजवळ दोनच आसनें होतीं : एक वेड्याचें, दुसरें संताचें. पहिल्यावर बसविलें कीं त्याच्यापासून दूर होतां येतें; दुसऱ्यावर बसविलें कीं त्याच्या पायां पडून मोकळें होतां येतें. ‘तुम्हांला काय होतें आहे?’ एवढें शेजारीं बसून विचारण्याची जबाबदारी दोन्ही प्रसंगीं टळते. सरकारच्या जवळहि याहून निराळें कांहीं नव्हतें. १९१२ चा कायदा नांवानेंच वेड्यांविषयींचा होता. आणि रत्नागिरी, ठाणें, येरवडा येथील इस्पितळांचा उंबरठा म्हणजे घराण्याच्या अब्रूचा शेवट अशीच समजूत होती. मनाची व्यथा ही इतर व्यथांसारखीच उपचाराची आणि सन्मानाची बाब आहे, हें तत्त्व आपल्या कायद्यांत स्पष्टपणें यावयास २०१७ साल उजाडावें लागलें.

आबालालांस अमुक एक रोग होता, असें शंभर वर्षांनंतर ठरविण्याचा आमचा मुळींच उद्देश नाहीं. तो अन्यायच होईल. परंतु कृतीकडे पाहणें आपल्या हातीं आहे. जो माणूस विद्यार्थिदशेंत छायेची एक पायरीहि चुकूं देत नसे, त्यानें आपलें जन्माचें काम पाण्यांत सोडलें. म्हणजे तें पाहणारा कोणी उरला नाहीं, असें त्याला खरोखर वाटलें असलें पाहिजे. चित्र पाहणाऱ्याची वाट पाहतें. तो नाहींसा झाला म्हणजे कागद आणि पाणी यांत फरक काय, हा प्रश्न भ्रमाचा नव्हे. तो अत्यंत एकाकी माणसाचा प्रश्न आहे.

येथें प्रत्येक मराठी वाचकास इंद्रायणीची आठवण होईल. तुकोबांच्या वह्या डोहांत बुडविल्या गेल्या आणि त्या कोरड्या वर आल्या, अशी आपली श्रद्धा आहे. त्या श्रद्धेंत एक साधें सत्यहि आहे : अभंग लोकांच्या तोंडीं होते. शब्द बुडविला तरी तो कंठांत उरतो. जलरंगाचें तसें नाहीं. तो कोणाच्या कंठांत राहत नाहीं. एकदां पाणी लागलें कीं ज्या पाण्यांतून तो आला त्याच पाण्यांत परत जातो. रंकाळ्याचें चित्र पाण्यांतून कधीं वर आलें नाहीं.

उरलें काय? कांहीं निसर्गचित्रें लोकांच्या हातीं पूर्वींच गेलीं होतीं, तीं वांचलीं; कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयांत आबालालांचीं चित्रें पाहावयास मिळतात. आणि वांचले ते मुंबईच्या कलाशाळेच्या संग्रहांतील विद्यार्थिदशेंतील अभ्यास. या वांचण्यांत एक टोंचणी आहे. सत्तेनें जें मागितलें, जें तिच्या मापानें उत्तम ठरलें, तें तिनें कपाटांत जपलें. आणि जें त्या माणसानें स्वतःच्या मनानें, कोणीं न मागतां केलें, त्याला राखणदार मिळाला नाहीं. संस्थेच्या कपाटाचे उपकार आम्ही मानतों; तें नसतें तर तेवढेंहि उरलें नसतें. पण इतिहासकाराने त्या कपाटास आबालालांचें संपूर्ण आयुष्य समजूं नये.

आणखी एक गोष्ट उरली, ती माणसांत. कोल्हापूरच्या पुढील कलावंतांनीं या फकिराला रंगवितांना पाहिलें होतें. १८९० सालीं जन्मलेले बाबूराव पेंटर हे कोणत्याहि कलाशाळेंत गेले नाहींत. त्यांनीं नाटकांचे पडदे रंगविले, घरीं कॅमेरा घडविला, आणि १९२० सालीं ‘सैरंध्री’ हा चित्रपट पुरा केला. कोल्हापूरच्या चित्रपरंपरेची गोष्ट सांगतांना त्यांच्या पूर्वीं आबालालांचें नांव घेतल्यावांचून कोणी पुढें जात नाहीं. पाण्यांत गेलेल्या कागदांतून जें पाहणें हरवलें, तें थोडेंसें तरी दुसऱ्यांच्या डोळ्यांत उतरलें होतें. म्हणजे पाहणारा अगदींच नव्हता असें नाहीं. पण आबालालांना तें कोणीं सांगितलें होतें कीं नाहीं, हाच आमच्या जिवाला लागलेला प्रश्न आहे.

आतां पुन्हा बदनापूरच्या त्या परीक्षेकडे वळूं. वस्तुचित्राचा तांब्या आणि कापड हे साउथ केन्सिंग्टनच्याच कुळांतले आहेत, आणि त्यांचा आम्हांस तिटकारा नाहीं. हाताला शिस्त हवीच. आबालालांच्या निसर्गचित्रांखालीं तीच शिस्त होती. परंतु स्मरणचित्राच्या कागदावर मूल स्वतः आलेलें असतें. तेथें व्यापारी दुप्पट मोठा कां झाला, कोपऱ्यांतला मुलगा पाठमोरा कां उभा राहिला, हें गुण देऊन झाल्यावर तरी विचारावें. प्रत्येक काळवंडलेलें चित्र म्हणजे आजार नव्हे. कित्येक वेळां काळी खडी तेवढी शिल्लक असते. आणि खरोखरच मूल मिटत चाललें असेल, तर वेड्याचें किंवा संताचें आसन शोधण्यापूर्वीं जाणत्या डॉक्टरांकडे जाण्यांत कमीपणा मानूं नये. पण त्याच्याहि आधींचें काम घरच्यांचें आहे. तो कागद घडी न घालतां ठेवावा, मागें तारीख घालावी, आणि मुलाशेजारीं बसून म्हणावें, ‘बाळ, यांत तूं कोठें आहेस तें मला दाखव पाहूं.’